मेल सर्व्हरची पत

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्याचा मेल सर्व्हर मी काही वर्षे सांभाळत आहे. तिथे पस्तीसेक मेलखाती आहेत आणि दिवसाला दीडशे ते दोनशे मेल बाहेर जातात. त्यांत बहुतेक कोटेशन, जीएसटीची बिले आणि ग्राहकांच्या गुणवत्ता विभागाला पाठवायचे तपासणी अहवाल असतात. एका सोमवारी सकाळी विक्री विभागातून फोन आला, "सर, एकही कोटेशन पोहोचत नाहीये, सगळे मेल परत येतायत." सर्व्हरचा लॉग, म्हणजे घडलेल्या गोष्टींची नोंद, उघडला तेव्हा ओळीमागून ओळ ५५० या आकड्याची होती, म्हणजे समोरच्या सर्व्हरने मेल कायमचा नाकारला होता. बाहेर जाण्यासाठी थांबलेल्या मेलांच्या रांगेत अकरा हजारांहून अधिक मेल होते आणि ते जवळपास सगळे लेखा विभागातल्या एकाच खात्यावरून, शनिवारी मध्यरात्रीनंतर निघालेले होते. त्या खात्याचे धनी शनिवार-रविवार नाशिकला लग्नात होते.

त्यानंतरचे जवळपास दोन आठवडे सर्व्हरची पत सावरण्यात गेले. इंग्रजीतल्या 'रेप्युटेशन'साठी प्रतिष्ठा हा शब्द वापरला जातो, पण इथे पत हाच शब्द मला नेमका वाटतो, कारण ही गोष्ट दुकानदाराच्या वहीसारखी आहे: आपल्या नावापुढे काय लिहिले आहे हे त्याला ठाऊक असते, आपल्याला फक्त तो उधार देतो की नाही एवढेच कळते. जीमेलची वही वेगळी, मायक्रोसॉफ्टची वेगळी, आणि एखाद्या मोठ्या वाहन कंपनीने स्वतःच्या दारात बसवलेल्या गाळणीची आणखी वेगळी.

ही वही ठेवण्याची वेळ का आली, याचे उत्तर मेलच्या जन्मातच आहे. सर्व्हर एकमेकांना मेल ज्या पद्धतीने देतात ती एसएमटीपी ही पद्धत १९८२ साली लिहिली गेली, तेव्हा जाळ्यावर विद्यापीठे आणि संशोधन संस्था होत्या आणि कोणी खोटे नाव लावून पत्र पाठवील ही चिंता कोणाला नव्हती. परिणामी मेलवर पाठवणाऱ्याचे नाव कोणतेही टाकता येते. सहजासहजी खोटी करता येत नाही अशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे ज्या सर्व्हरने जोडणी केली त्याचा इंटरनेटवरचा क्रमांक, म्हणजे आयपी पत्ता. कारण दोन्ही बाजूंनी बोलणे झाल्याशिवाय जोडणी पूर्णच होत नाही, आणि खोट्या पत्त्यावर दिलेले उत्तर खोटे बोलणाऱ्याला मिळत नाही. म्हणून पत ठरवण्याचा हिशेब आधी आयपी पत्त्याच्या नावावर सुरू झाला आणि नंतर तो डोमेनच्या, म्हणजे मेलपत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाच्या, खात्यावरही चढू लागला.

आपला सर्व्हर एखाद्या मोठ्या सर्व्हरचे दार ठोठावतो तेव्हा, मेलमधले एक अक्षरही वाचले जाण्याआधी बरेच काही ठरलेले असते. समोरचा सर्व्हर पहिल्यांदा आयपी पत्त्यावरून नाव शोधतो. या नोंदीला पीटीआर किंवा रिव्हर्स डीएनएस म्हणतात; डीएनएस ही इंटरनेटवरची नावे आणि पत्ते यांची सार्वजनिक नोंदवही. मिळालेल्या नावावरून तो पुन्हा आयपी पत्ता शोधतो, आणि दोन्ही जुळले तर हा पत्ता निदान कोणीतरी जबाबदारीने सांभाळतो आहे असे मानतो. ही नोंद आपल्या डोमेनच्या पॅनेलमध्ये करता येत नाही, कारण आयपी पत्ता ज्याच्या मालकीचा त्यालाच ती करता येते. म्हणजे इंटरनेट पुरवठादाराकडे किंवा सर्व्हर भाड्याने देणाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, आणि तिथल्या पहिल्या माणसाला ही मागणी कळतेच असे नाही. आपला सर्व्हर जोडणीच्या सुरुवातीला स्वतःचे जे नाव सांगतो, तेही याच नावाशी जुळावे. एक खोच अशी, की सर्व्हरला आयपीव्ही६ या नव्या पद्धतीचा पत्ताही मिळालेला असतो आणि त्याची पीटीआर नोंद करायला माणूस विसरतो; मग जुन्या पद्धतीच्या पत्त्यावरून गेलेले मेल पोहोचतात आणि नव्यावरून गेलेले जीमेल नाकारते. एकाच ग्राहकाला सकाळचा मेल मिळतो आणि दुपारचा मिळत नाही, या तक्रारीमागे मी हे कारण दोनदा पाहिले आहे.

नाव तपासून झाले की काळ्या याद्यांची, म्हणजे स्पॅमसाठी बदनाम झालेल्या पत्त्यांच्या याद्यांची, पाळी येते. यांतली सर्वांत वजनदार यादी स्पॅमहाऊस या संस्थेची आहे. ती स्टीव्ह लिनफर्ड यांनी १९९८ साली सुरू केली. विचारणा करण्याची पद्धत मजेशीर आहे. समजा आयपी पत्ता २०३.०.११३.२५ आहे, तर समोरचा सर्व्हर तो उलटा करून २५.११३.०.२०३ असा लिहितो, त्याच्यापुढे यादीचे नाव जोडतो आणि हे जणू एखाद्या संकेतस्थळाचे नाव असल्यासारखे डीएनएसला विचारतो. उत्तर आलेच नाही तर पत्ता यादीत नाही. उत्तर आले तर त्याच्या शेवटच्या आकड्यावरून कारण कळते: १२७.०.०.२ म्हणजे माणसांनी तपासून टाकलेली नोंद, १२७.०.०.४ म्हणजे यंत्र कोणीतरी ताब्यात घेतल्याचा संशय, आणि १२७.०.०.१० किंवा ११ म्हणजे हा पत्ता घरगुती किंवा बदलत्या जोडण्यांना दिलेल्या सलग पत्त्यांच्या पट्ट्यातला आहे, त्यावरून थेट मेल यायलाच नको. हा शेवटचा प्रकार म्हणजे आरोप नव्हे. पुष्कळदा इंटरनेट पुरवठादार स्वतःच आपले पट्टे तिथे नोंदवतो. कार्यालयातल्या साध्या ब्रॉडबँडवर मेल सर्व्हर चालवू पाहणाऱ्याला पहिली ठेच इथे लागते आणि स्थिर आयपी पत्ता घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही.

शेजाऱ्यांचाही प्रश्न असतो. स्वस्त सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपन्यांकडे स्पॅम पाठवणारे येतात आणि जातात, आणि मोठे मेलवाले कंटाळून अख्खा पट्टाच अडवतात. मायक्रोसॉफ्टच्या नकारात तर 'तुमच्या नेटवर्कचा काही भाग आमच्या यादीत आहे' अशा अर्थाचे वाक्यच असते. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे. म्हणून सर्व्हर घेताना मिळणारा आयपी पत्ता याद्यांमध्ये तपासून पाहावा आणि डागी निघाला तर पैसे भरण्याआधीच बदलून मागावा.

आता डोमेनच्या खात्याकडे येऊ. इथे तीन नोंदी लागतात आणि त्यांची कामे वेगवेगळी आहेत. एसपीएफ ही नोंद 'आमच्या डोमेनचे मेल या या पत्त्यांवरून येतील' असे जाहीर करते. तिच्यात एक मर्यादा दडलेली आहे: तपासताना दहापेक्षा जास्त डीएनएस विचारणा कराव्या लागल्या तर अख्खी नोंदच चुकीची धरली जाते. वेबसाइटवाला, बिलाचे सॉफ्टवेअरवाला आणि जाहिरातवाला असे प्रत्येकाने आपापले नाव जोडायला सांगितले की ही मर्यादा कधी ओलांडली गेली ते कळतही नाही. शिवाय एखाद्या होस्टिंग कंपनीचा पूर्ण पट्टा आपल्या नोंदीत घेतला, तर त्या कंपनीच्या इतर भाडेकरूंनी आपल्या नावाने पाठवलेले मेलही या तपासणीत खरे ठरू शकतात.

डीकेआयएम म्हणजे सही. सर्व्हर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलवर स्वतःजवळच्या गुप्त किल्लीने सही करतो आणि ती पडताळायची उघडी किल्ली डीएनएसमध्ये ठेवलेली असते. किल्ली २०४८ बिटांची असावी. एवढी लांब किल्ली डीएनएसच्या २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही, दोन तुकड्यांत द्यावी लागते, आणि काही पॅनेलमध्ये चिकटवताना तिचा शेवट गुपचूप कापला जातो. नोंद दिसते, सही मात्र पडताळली जात नाही. त्यामुळे नोंद केल्यावर जीमेलच्या खात्यावर एक मेल पाठवून, त्याचा मूळ मजकूर उघडून तपासणीचा निकाल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय उठू नये.

तिसरी नोंद डीमार्क. वाचणाऱ्याला दिसणारा पाठवणाऱ्याचा पत्ता ज्या डोमेनचा आहे, त्याच डोमेनच्या नावाने आधीच्या दोघांपैकी एक तरी तपासणी उत्तीर्ण झाली का, हे ती पाहते. आणि झाली नसेल तर मेलचे काय करायचे, हे डोमेनचा मालक तिच्यात सांगतो: काही करू नका, स्पॅममध्ये टाका किंवा नाकारा. सुरुवात पहिल्या पर्यायानेच करावी, कारण या नोंदीमुळे रोज अहवाल येऊ लागतात आणि आपल्या नावाने कोण कोण मेल पाठवते ते उघड होते. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात कळले, की हजेरीच्या यंत्राचे सॉफ्टवेअर कारखान्याच्या नावाने भलत्याच सर्व्हरवरून मेल पाठवत होते. आधीच कठोर पर्याय निवडला असता तर ते सगळे मेल नाकारले गेले असते आणि कारण शोधत बसावे लागले असते.

या तीन नोंदी केल्या की पत मिळते, असा एक समज आहे आणि तो चुकीचा आहे. या नोंदी फक्त ओळख पटवतात. त्या शनिवारी निघालेल्या हजारो मेलांवर आमच्याच किल्लीची सही होती, एसपीएफ बरोबर होते, डीमार्क उत्तीर्ण होते. म्हणजे हे पाप आमचेच आहे, अशी पक्की पावती आम्हीच समोरच्याला दिली होती. सर्व्हर बदलून नवा आयपी पत्ता घेऊ, असा सल्ला तेव्हा एकाने दिला. पण डोमेनच्या नावावर चढलेला डाग नव्या पत्त्यावरही सोबत आला असता, आणि कोऱ्या पत्त्याची पत शून्यापासून जमवावी लागली असती ती वेगळीच.

कोरी पत ही छोट्या व्यवसायाची कायमचीच अडचण आहे. ज्याने कधी कर्ज घेतलेले नाही त्याचा सिबिल स्कोअरच नसतो आणि बँक त्याच्याकडे संशयाने पाहते, तसे इथे घडते. रोज लाखभर मेल पाठवणाऱ्या कंपनीविषयी जीमेलकडे ढीगभर पुरावा असतो, त्यामुळे तिचा एखादा वाईट दिवस त्या ढिगात बुडून जातो. आमच्या दोनशे मेलांपैकी जीमेलवर जाणारे साठ-सत्तर. त्यांच्या वहीत आमचे पानच जवळपास कोरे, आणि त्यावर एका रात्रीत हजारो काळ्या ओळी.

गूगल आणि याहू यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नवे नियम जाहीर केले आणि फेब्रुवारी २०२४ पासून ते लागू करायला सुरुवात केली. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्याला वरच्या तिन्ही नोंदी सक्तीच्या झाल्या, आणि जाहिरातीच्या मेलमध्ये एका टिचकीत नाव काढण्याची सोय द्यावी लागली. मायक्रोसॉफ्टनेही ५ मे २०२५ पासून तितक्याच प्रमाणात पाठवणाऱ्यांसाठी या तीन नोंदींची अट आणली. आपण तर दोनशेच पाठवतो, असे म्हणून पुष्कळांनी तिकडे दुर्लक्ष केले. पण एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक, बरोबर असलेली पीटीआर नोंद आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली, या गूगलच्या अपेक्षा सगळ्यांसाठी आहेत. हजारात तीन ही मर्यादा ऐकायला सैल वाटते. आमच्या साठ-सत्तर मेलांपैकी एकावर कोणी 'स्पॅम' हे बटण दाबले, तर त्या दिवशीचे प्रमाण दीड टक्का होते. त्यातून तक्रारींचे हे प्रमाण दाखवणारे गूगलचे पोस्टमास्टर टूल्स इतक्या थोड्या मेलांसाठी बहुधा आकडेच दाखवत नाही, त्यामुळे आपले प्रमाण किती ते आपल्याला कळत नाही ते नाहीच.

पत जाते ती बहुधा फुटलेल्या पासवर्डमुळे. आमच्या लेखा विभागातल्या खात्याला आलेल्या मेलमध्ये 'तुमचा मेलबॉक्स भरला आहे, चालू ठेवण्यासाठी इथे लॉगिन करा' असे लिहिले होते, आणि तो मेलबॉक्स खरोखरच भरत आलेला असल्यामुळे त्यांना संशय आला नाही. त्यांना दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही, कारण दोष माझ्या मांडणीचा होता: माणूस दिवसाला वीस मेल पाठवतो त्या खात्यावरून एका रात्रीत अकरा हजार मेल निघू शकत होते आणि कोणतीही घंटा वाजत नव्हती. आता प्रत्येक खात्याला तासाची मर्यादा आहे. ती अंदाजाने ठरवली नाही. तीन महिन्यांचा लॉग पाहिला, तेव्हा सर्वांत गर्दीचा तास ४२ मेलांचा निघाला, तोही जीएसटीच्या विवरणपत्राच्या ११ तारखेच्या आदल्या दिवशी, म्हणून मर्यादा ६० ठेवली. रांगेत पन्नासपेक्षा जास्त मेल साठले की माझ्या फोनवर संदेश येतो. सर्व्हर कितीही जुना असो आणि त्यावर दुसरे काहीही करायला वेळ नसो, हे दोन बंदोबस्त त्याच दिवशी करून टाकावेत असे मी सांगेन.

फुटलेले खाते बंद करताना पासवर्ड बदलणे पुरत नाही. आधीच उघडलेल्या जोडण्या चालूच राहतात, त्या तोडाव्या लागतात. आणि वेबमेलमध्ये चोराने काही नियम करून ठेवले आहेत का हे पाहावे लागते. आमच्याकडे 'परत आलेले सगळे मेल थेट कचऱ्यात टाका' असा नियम सापडला, त्यामुळे सोमवारपर्यंत त्या खात्यात काहीच खटकण्यासारखे दिसत नव्हते. रांगही सरसकट रिकामी करायची नसते, नाहीतर तिच्यात अडकलेली खरी कोटेशनेही जातात. फक्त त्या खात्याचे मेल वेचून काढावे लागतात.

दुसरे भोक जास्त सोज्वळ दिसते. मालकांना कारखान्याचे मेल स्वतःच्या जीमेलवर हवे असतात, म्हणून कोणीतरी सगळे मेल आपोआप तिकडे वळवून देते. त्यांच्या पत्त्यावर येणारा स्पॅमही त्याच वाटेने जातो, आणि जीमेलला तो स्पॅम आमच्या सर्व्हरवरून आलेला दिसतो. मूळ पाठवणाऱ्याचे एसपीएफही मधल्या या उडीमुळे मोडते. यावर मी केलेला उपाय साधा होता: वळवणे बंद केले आणि त्यांच्या फोनमधल्या जीमेलच्या अ‍ॅपमध्ये कारखान्याचे खाते आयमॅपने, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याच्या पद्धतीने, जोडून दिले. त्यांना दोन्ही पत्रे एकाच ठिकाणी दिसतात, आणि फरक त्यांच्या लक्षातही आलेला नाही.

वेबसाइटवरचा संपर्काचा फॉर्म हाही असाच एक निरागस गुन्हेगार आहे. फॉर्म भरणाऱ्याला 'आभारी आहोत' अशी पोच पाठवण्याची सोय असेल, तर यंत्रे त्यात भलत्यांचे पत्ते भरतात आणि आपला सर्व्हर अनोळखी माणसांना मेल धाडत राहतो. पोच बंद करावी. फॉर्मवरून येणाऱ्या मेलमध्ये पाठवणाऱ्याच्या जागी आपल्याच डोमेनचा पत्ता ठेवून भरणाऱ्याचा पत्ता उत्तराच्या रकान्यात टाकावा, म्हणजे डीमार्कशी भांडण होत नाही. दिवाळीच्या शुभेच्छा आणि प्रदर्शनात जमवलेल्या व्हिजिटिंग कार्डांवरचे पत्ते यांविषयी एवढेच सांगतो, की ते मेल बिलांच्या डोमेनवरून पाठवू नयेत. त्यासाठी वेगळे उपडोमेन आणि मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणारी वेगळी सेवा घ्यावी. विकत मिळणाऱ्या याद्यांमध्ये तर मुद्दाम पेरलेले सापळ्याचे पत्तेही असतात, ज्यांवर मेल पाठवण्याचे खरे कारण कोणालाच असू शकत नाही.

मग छोट्या व्यवसायाने स्वतःच्या सर्व्हरवरून मेल पाठवावेत तरी का, असा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो. माझे उत्तर असे, की मेल घेणे आणि साठवणे स्वतःकडे ठेवावे. पाठवण्याचे काम मात्र आयपी पत्ता चांगला नसेल किंवा रोज लॉग पाहणारा माणूस नसेल तर एखाद्या रिले सेवेला, म्हणजे आपले मेल स्वतःच्या सर्व्हरवरून पुढे धाडणाऱ्या सेवेला, द्यावे. सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते बाहेर जाणारे २५ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे दार, गूगल क्लाउड अडवते, अ‍ॅमेझॉनही सुरुवातीला ते बंदच ठेवते. अशा ठिकाणी सर्व्हर असेल तर बहुधा हाच मार्ग उरतो. रिले घेतला तरी फुटलेल्या पासवर्डचा धोका टळत नाही. फक्त पहिल्या रात्रीच ती सेवा आपले खाते गोठवते, आणि ते चांगलेच आहे.

आमची पत परत मिळवण्याचा क्रम असा झाला. आधी भोक बुजवले, कारण ते उघडे ठेवून यादीतून नाव काढून घेतले तर दुसऱ्या दिवशी ते पुन्हा चढते आणि पुढचा अर्ज जड जातो. स्पॅमहाऊसच्या स्वयंचलित याद्यांतून नाव काढण्याचा अर्ज त्यांच्या संकेतस्थळावर आपल्याला करता येतो, त्याला पैसे लागत नाहीत, आणि आमचे नाव लगेच निघाले. माणसांनी टाकलेली नोंद असती तर ती काढण्याची विनंती इंटरनेट पुरवठादारामार्फत करावी लागली असती. काही याद्या लवकर नाव काढण्यासाठी पैसे मागतात. त्यांना मोठे मेलवाले फारसे विचारत नाहीत, त्यामुळे मी त्यांच्या वाटेला गेलो नाही. जीमेल आणखी आठ-नऊ दिवस आमचे मेल स्पॅममध्ये टाकत राहिले. त्या काळात विक्री विभागाने नेहमीच्या ग्राहकांना फोन करून मेल स्पॅममधून बाहेर काढायला आणि त्याला उत्तर द्यायला सांगितले.

सर्वांत शेवटी उघडले ते आमच्या सगळ्यांत मोठ्या ग्राहकाचे दार. सार्वजनिक याद्यांतून नाव निघाल्यावरही त्यांच्या स्वतःच्या गाळणीत आमचे डोमेन हाताने अडवलेले होते, आणि ते बाहेरच्या कोणत्याही तपासणीत दिसत नव्हते. प्रत्येक मेल डोमेनला पोस्टमास्टर या नावाचा पत्ता ठेवावा लागतो, त्या पत्त्यावर मी काय घडले, काय दुरुस्त केले आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय बसवले हे तारखांसह लिहून पाठवले. दुसऱ्या दिवशी तिथल्या एका अभियंत्याचे दोन ओळींचे उत्तर आले आणि अडसर निघाला. तो मेल मात्र मला माझ्या खासगी जीमेलवरून पाठवावा लागला होता.